संकट माशाने घेतले म्हणे!

गेल्या श्रावणात आमच्या शेजारच्या नातवाचा सहावा वाढदिवस झाला. होटगी स्टेशनच्या वस्तीत वाढदिवस म्हणजे अर्धी गल्ली जेवायला असते. केक सोलापुरातून आला होता, भेटवस्तूही तिकडूनच आल्या होत्या. त्यात एक गोल काचेचे भांडे होते. तळाला निळे-गुलाबी खडे, गळ्याला लाल फीत आणि आत दोन सोनेरी मासे. पोरगा बाकी सगळी खेळणी टाकून त्या भांड्यापुढे मांडी घालून बसला. घरात कन्नड आणि शाळेत मराठी अशी आमच्याकडची सरमिसळ असल्यामुळे तो मला अज्जा म्हणतो. ‘अज्जा, हे बघ, मला बघून तोंड उघडतात!’ असे सांगताना त्याचेही तोंड उघडेच होते.

नवव्या दिवशी सकाळी एक मासा पोट वर करून तरंगत होता. पोरगा रडून रडून लाल झाला. त्याच्या आजींनी त्याला जवळ घेतले आणि म्हणाल्या, ‘रडू नको बाळा. घरावर काहीतरी येणार होतं, ते त्या माशानं आपल्या अंगावर घेतलं.’ पोरगा हळूहळू गप्प झाला. मी तिथेच चहा घेत बसलो होतो. मीही मान हलवली. घरी आल्यावर मात्र ती हलवलेली मान माझी मलाच खटकू लागली.

त्याला कारण आहे. हेच वाक्य अनेक वर्षांपूर्वी आमच्या घरात तीनदा बोलले गेले होते, आणि तिन्ही वेळा ते माझ्या तोंडून निघाले होते. आमची मुले लहान होती. मीही असेच भांडे आणले, त्यात मासे आणून सोडले, ते मेले, पुन्हा आणले. प्रत्येक वेळी मुलांची समजूत काढायला हे संकट कामाला आले. पुढे एका मित्राच्या घरी सात वर्षांचा, वीतभर लांबीचा गोल्डफिश पाहिला तेव्हा मी अवाक झालो आणि मग जरा वाचू-विचारू लागलो. तेव्हा कळले ते असे की, आमच्या घरावर कसलेही संकट येणार नव्हते. संकट माशांवर आले होते, आणि ते आणणारा मी होतो.

या माशाचे कूळ आधी सांगतो, म्हणजे पुढचे सारे सोपे होईल. गोल्डफिश हा कार्प माशांच्या कुळातला. आपल्या बाजारात उजनीचे म्हणून विकायला येणारे रोहू, कटला, मृगळ हे त्याचे चुलत भाऊ. रोहूला कोणी चार लिटरच्या बरणीत ठेवील काय? मग त्याच्या सोनेरी भावाला का ठेवतो? दुकानात आपल्याला दिसते ते दीड-दोन इंचाचे पिल्लू असते, पूर्ण वाढलेला मासा नव्हे. साधा गोल्डफिश नीट वाढला तर फूटभर होतो. गोल पोटाच्या शोभेच्या जातीही सहा-सात इंचांपर्यंत सहज जातात. आयुष्य म्हणाल तर दहा-पंधरा वर्षे ही काही नवलाची गोष्ट नाही. इंग्लंडमध्ये १९५६ साली एका जत्रेत बक्षीस म्हणून मिळालेला ‘टिश’ नावाचा गोल्डफिश १९९९ पर्यंत, म्हणजे त्रेचाळीस वर्षे जगला. ज्याने तो जत्रेत जिंकला तो मुलगा तोवर पन्नाशीला आला असणार! आपल्याकडे हाच मासा नऊ दिवस जगला आणि आपण म्हणालो, नाजूकच असतात हो हे.

मुळात तो नाजूक नाहीच. रानातला त्याचा पूर्वज हिरवट-करड्या रंगाचा, चीनमधल्या तळ्या-डबक्यांत राहणारा चिवट मासा. त्यातच कधीतरी एखादा तांबूस-पिवळा निपजे. चिनी लोकांनी तो निवडून वेगळा जपला आणि सुंग राजवटीच्या काळात, म्हणजे हजारेक वर्षांपूर्वी, त्याची हौशीने पैदास सुरू झाली. तिथून तो सोळाव्या शतकात जपानला गेला, सतराव्यात युरोपात पोचला. मासे हा काही आपल्यालाही परका विषय नव्हे. आमच्या या मुलखावर राज्य केलेल्या कल्याणीच्या चालुक्यांपैकी तिसऱ्या सोमेश्वराच्या नावावर बाराव्या शतकातला ‘मानसोल्लास’ हा ग्रंथ आहे, त्यात ‘मत्स्यविनोद’ नावाचे प्रकरणच आहे. कोणता मासा कोठे राहतो आणि काय खातो हे राजाला माहीत असावे अशी तेव्हाची अपेक्षा होती. अर्थात त्या राजाचा विनोद गळ टाकण्याचा होता, पण निदान माशाची माहिती काढून मग तो गळाला हात घालत होता.

आता नवव्या दिवशी काय झाले ते पाहू. मासा जे खातो त्याची घाण पाण्यातच पडते आणि त्याच्या कल्ल्यांतूनही अमोनिया सतत पाण्यात उतरत असतो. अमोनिया हे विष. तळ्यात पाणी अफाट असते, शिवाय दगड-मातीवर वाढणारे सूक्ष्म जिवाणू हा अमोनिया खाऊन त्याचे नायट्राइट करतात, ते नायट्राइटही विषारीच. मग दुसऱ्या प्रकारचे जिवाणू त्याचे नायट्रेट करतात, जे थोड्या प्रमाणात माशाला सोसते. हे जिवाणू नव्या टाकीत नसतात. ते धरायला चार-सहा आठवडे लागतात. चार लिटर पाणी, दोन मासे, जिवाणू शून्य आणि हौसेने दिवसातून पाचदा खाऊ घालणारी मुले. आठ-दहा दिवसांत त्या भांड्याचे काय होणार?

त्यात आमच्या भागातले पाणी जड. बोअरचे पाणी बादलीला पांढरा थर देते हे इथल्या प्रत्येक गृहिणीला ठाऊक आहे. गोल्डफिशला जड पाणी बाधत नाही, उलट मानवते; पण अशा अल्कधर्मी पाण्यात आणि उष्ण हवेत अमोनियाचे विष जास्त जहाल होते. पाण्याचा सामू सातवरून आठवर गेला तर त्यातला घातक अमोनिया जवळजवळ नऊपट होतो. म्हणजे थंड गावात ज्या चुकीने मासा आजारी पडेल, त्याच चुकीने आमच्याकडे तो मरतो.

आणि ते तोंड उघडणे! मासा वर येऊन पाण्याच्या पृष्ठभागाशी तोंड उघडमीट करतो, मुलांना वाटते त्याला भूक लागली. बहुतेक वेळा तो श्वासासाठी धडपडत असतो. गोल भांडे मानेपाशी अरुंद, त्यामुळे हवेचा स्पर्श होणारे पाणी थोडे आणि त्यात प्राणवायू आणखी थोडा. आपण त्याला दाणे टाकतो. दाणे कुजतात, अमोनिया वाढतो, उरलासुरला प्राणवायूही कुजण्यात जातो. मासा अधिकच तोंड उघडतो. आपण आणखी दाणे टाकतो.

या माशाला वेगळे असे जठरच नसते. खाल्लेले सरळ आतड्यात जाते, म्हणून तो सदा भुकेला दिसतो. दिवसातून एकदा-दोनदा, मिनिटा-दोन मिनिटांत संपेल एवढेच द्यावे, तेही बुडणारे दाणे असले तर बरे. वर तरंगणारे दाणे गिळताना तो हवाही गिळतो आणि गोल पोटाचे मासे मग उलटे-तिरके पोहू लागतात. उकडून साल काढलेला मटारचा दाणा अधूनमधून चालतो. चपाती, बिस्कीट, कुरमुरे अजिबात नकोत. पाहुण्यांच्या मुलांवर लक्ष ठेवावे लागते, एवढे खरे.

टाकी केवढी असावी? पहिल्या शोभेच्या माशाला चाळीसेक लिटर आणि पुढच्या प्रत्येकाला वीस तरी, हा हौशी लोकांचा साधारण हिशेब. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच टाकीत छप्पन लिटर पाणी मावते. म्हणजे ती फार तर दोन लहान माशांची टाकी झाली, आणि तेही मोठे होईपर्यंत. त्यात हवेचा पंप आणि एक स्पंजचा फिल्टर एवढे हवेच. नव्या टाकीला विरजण लावावे. होय, विरजणच म्हणतो. कोणाची जुनी, निरोगी टाकी असेल तर तिच्यातला स्पंज किंवा मूठभर खडे आणून आपल्या टाकीत टाकले की जिवाणू लवकर धरतात. आणि तो स्पंज कधी नळाखाली खळखळून धुऊ नये. नळाच्या पाण्यातल्या क्लोरिनने विरजण मरते. टाकीतूनच काढलेल्या पाण्यात पिळून परत लावावा. आपल्या स्वच्छतेच्या कल्पनेला हे जड जाते. आमच्या घरात यावरून बरीच बोलाचाली झालेली आहे.

पण पाण्याच्या बाबतीत सोलापूर भागातल्या माणसाला एक फायदा आहे, आणि तो आपल्या हालांतून आलेला आहे. चार-चार दिवसांनी येणारे पाणी वर्षानुवर्षे बघितलेले आपण लोक, पिंप भरून ठेवायची सवय आपल्या हाडात भिनली आहे. नळाचे ताजे पाणी माशाला घातक, कारण त्यातला क्लोरिन त्याचे कल्ले भाजतो. तेच पाणी उघड्या पिंपात दिवसभर राहिले की क्लोरिन उडून जातो. घाई असेल तर दुकानात हायपोचे थेंब मिळतात. जुन्या फोटोग्राफरना हायपो चांगला आठवत असेल. आठवड्याला टाकीतले पाव भाग पाणी काढून तेवढेच साठवलेले पाणी घालायचे, सगळे कधीच बदलायचे नाही. काढलेले पाणी मोरीत ओतू नका. त्यात नायट्रेट असते, म्हणजे खतच. आमचा कढीपत्ता त्याच पाण्यावर माजला आहे. दुष्काळी भागात माशांचे चोचले कशाला, असे मला एका स्नेह्यांनी सुनावले होते. आठवड्याला एक बादली, आणि तीही शेवटी झाडाला जाते, हे त्यांना दाखवल्यावर ते थोडे नरमले. घरात फिल्टर आहे म्हणून कौतुकाने आरओचे पाणी घालणारेही भेटतात. तो खर्च आणि ते कौतुक दोन्ही वाया; त्या पाण्यातले क्षार गेलेले असतात आणि माशाला ते हवे असतात.

खरी परीक्षा एप्रिल-मे महिन्यांची. गोल्डफिश हा थंड पाण्याचा मासा. वीस-बावीस अंशांत तो सुखी असतो, आणि आमच्याकडे बाहेर पारा बेचाळीस-चव्वेचाळीसला टेकतो. पाणी तापले की त्यात प्राणवायू कमी मावतो: वीस अंशांना लिटरमागे नऊ मिलिग्रॅम, तर तीस अंशांना साडेसात. आणि नेमक्या त्याच वेळी माशाची गरज वाढते. तेव्हा टाकी खिडकीत नको, पश्चिमेच्या भिंतीला नको, घरातल्या सर्वांत गार खोलीत जमिनीजवळ हवी. झाकण काढून वर जाळी घालावी आणि छोटा पंखा पाण्यावरून वाहता ठेवावा. माठ ज्या कारणाने गार होतो त्याच कारणाने टाकीही दोन-तीन अंश उतरते. बर्फाचे खडे पाण्यात टाकू नयेत, एकदम गारठा झाला तर मासा त्यानेच जातो. दुपारी गच्चीवरच्या टाकीचे पाणी तर हाताला चटका देणारे असते, म्हणून पाणी बदलायचे ते पहाटे. वीज गेली आणि पंप बंद पडला तर तांब्याने पाणी काढून वीतभर उंचीवरून पुन्हा टाकीत ओतावे, पाच-दहा मिनिटांनी पुन्हा. मी हे एका मे महिन्यात रात्री अडीच वाजता केले आहे. घरचे काय म्हणाले ते लिहीत नाही.

आता जातींविषयी. इथे मात्र माझी मते जरा कडक आहेत. साधा गोल्डफिश, लांब शेपटीचा कॉमेट आणि निळसर-चित्रविचित्र ठिपक्यांचा शुबंकिन हे एकेरी शेपटीचे, लांबट, काटक मासे. यांना मोठी जागा हवी. ज्यांच्या जुन्या घरात अंगणाचा हौद शिल्लक आहे, त्यांनी सावलीतल्या हौदात हे ठेवावेत. डासांच्या अळ्याही ते खातात. हौद नवा बांधलेला असेल तर महिनाभर पाणी भरून, उपसून सिमेंटचा चुना निघू द्यावा. आमच्या भागात सिमेंट तयार होते, तेव्हा हे सांगायला नको. घरातल्या टाकीसाठी दुहेरी शेपटीचे फॅनटेल, पाठीला उंचवटा असलेले रियुकिन आणि बाहेर आलेल्या डोळ्यांचे काळे मूर ठीक. मूरची नजर अधू असते, म्हणून टाकीत अणकुचीदार दगड नकोत आणि चपळ कॉमेटच्या पंगतीला त्याला बसवू नये, तो उपाशी राहतो. डोक्यावर लाल टोपी घातलेला ओरांडा दिसायला देखणा, पण ती टोपी वाढत वाढत कधी डोळ्यांवर येते. नवशिक्याने त्याच्या वाटेला जाऊ नये.

आणि बबल आय? डोळ्यांखाली पाण्याच्या दोन पिशव्या लोंबणारा हा मासा. खड्याला घासली तरी पिशवी फुटते. सेलेस्टियल नावाच्या जातीचे डोळे कायमचे आकाशाकडे लागलेले, समोरचा दाणा त्याला दिसत नाही. दोघांच्याही पाठीवरचा पर माणसाने पैदास करता करता घालवून टाकला आहे, त्यामुळे त्यांना धड पोहताही येत नाही. माणसाने शेकडो वर्षे निवड करून हे घडवले, यात कौशल्य आहे हे मी नाकारत नाही. पण मला ते पाहवत नाही, आणि कोणी विकत घेतले नाहीत तर कोणी आणणारही नाही.

सोलापुरातल्या एका दुकानदाराशी मी यावरून वाद घातला. तो शांतपणे म्हणाला, ‘काका, गोल भांडं मला तरी कुठं आवडतंय? पण दोन फुटी टाकी सांगितली की गिऱ्हाईक निघून जातं. भांडं घेतं, मासा मरतो, परत येतं, दुसरा नेतं.’ त्याच्या प्रामाणिकपणाचे मला कौतुक वाटले आणि तेवढेच वाईटही वाटले. धंदा माशावर चालत नव्हता, त्याच्या मरण्यावर चालत होता. इटलीत रोम शहराने २००५ सालीच गोल भांड्यात गोल्डफिश ठेवायला बंदी केली. आपल्याकडेही केंद्र सरकारने २०१७ साली शोभेच्या माशांच्या दुकानांसाठी नियम काढले, त्यात गोल भांड्यांना मनाई होती. पण धंद्यातून ओरड झाली आणि ते नियम मागे घेतले गेले. त्या नियमांत काही अतिरेक होताही. गोल भांड्यांपुरते तरी ते टिकायला हवे होते, असे माझे मत आहे.

मागणी येते कोठून याचाही विचार करायला हवा. फेंगशुईचे वेड आपल्याकडे शिरले तेव्हा आठ सोनेरी आणि एक काळा असे नऊ मासे दिवाणखान्यात ठेवा, काळा मासा घरावरची पीडा शोषून घेतो, हे घरोघरी पोचले. नऊ माशांना दोनशे लिटर पाणी लागते, हे मात्र कोणी सांगितले नाही. मी हे नऊ मासे फूटभर पेटीत पाहिले आहेत. काळा मेला की पीडा गेली म्हणून समाधान, आणि लगेच दुसरा काळा. गंमत म्हणजे काळा मूर उबदार पाण्यात कित्येकदा काळा राहतच नाही, हळूहळू तांबूस होतो. पीडेने मग जायचे कोठे? श्रद्धेची थट्टा करायची म्हणून मी हे लिहीत नाही. माझे भांडण एवढेच की, या समजुतीमुळे मासा का मेला हा प्रश्न घरात कधी उभाच राहत नाही. सहा वर्षांच्या पोराने तो विचारला होता. आपण त्याचे तोंड गोड करून तो प्रश्न बुजवला.

कंटाळा आला की हे मासे तळ्यात नेऊन सोडणारेही आहेत, आणि वर पुण्य केल्याचा आनंद. होटगीच्या तलावावर हिवाळ्यात पाहुणे पक्षी उतरतात, ते पाहायला लोक लांबून येतात. त्या पाण्यात हा परका मासा जाता कामा नये. अमेरिकेत मिनेसोटा राज्यातल्या बर्न्सव्हिल गावाने २०२१ साली तळ्यातून फुटबॉलएवढे गोल्डफिश पकडून दाखवले आणि लोकांना हात जोडले की बाबांनो, पाळलेले मासे तळ्यात सोडू नका. तळ उकरून ते पाणी गढूळ करतात आणि मूळच्या माशांचे जिणे अवघड करतात. सांभाळणे जमेना तर दुकानदाराला किंवा दुसऱ्या हौशी माणसाला द्यावेत.

आणि जागाच नसेल तर गप्पी पाळा. आरोग्य खात्याने डासांच्या अळ्यांसाठी गावोगाव नेलेले हे इवले मासे आमच्या उन्हाळ्याला दाद देत नाहीत, वीस लिटरच्या टाकीत पिलांसकट नांदतात. गप्पीला कोणी भाग्याचा मासा म्हणत नाही, हेही त्याचे भाग्यच.

गोल्डफिशची स्मृती तीन सेकंदांची, म्हणून त्याला छोट्या भांड्याचा कंटाळा येत नाही, असे एक सुशिक्षित सबबवाक्यही ऐकू येते. ते खोटे आहे. मिशिगन विद्यापीठात बर्नार्ड अॅग्रॅनॉफ यांनी १९६० च्या दशकात स्मृती कशी टिकते याचा अभ्यास केला तो गोल्डफिशवरच. दिवसेंदिवस तो शिकलेले विसरत नाही हे तेव्हाच दिसले होते. २०२२ साली तर इस्रायलच्या बेन-गुरियन विद्यापीठातल्या संशोधकांनी चाकांवरची पाण्याची टाकी करून गोल्डफिशला ती लक्ष्याकडे चालवायला शिकवले.

शेजारच्या पोराचा दुसरा मासा अजून आहे. मी त्या दिवशी संध्याकाळी पुन्हा गेलो आणि आजींची परवानगी काढून, मासा का मेला ते त्याला त्याच्या भाषेत सांगितले. आजी आधी रागावल्या. ‘लेकराला असलं कशाला सांगता हो?’ म्हणाल्या. मग स्वतःच विचारू लागल्या, ‘म्हणजे खायला जास्त घातलं का आम्ही?’ आमच्या अडगळीतली जुनी तीन फुटी टाकी गळत नव्हती, ती त्यांच्या घरी गेली. स्पंज मित्राकडून आणला. गोल भांड्यात आता आजींच्या देवघराच्या वाती असतात.

दर रविवारी सकाळी पोरगा पिंपातले पाणी मगाने मोजतो, जुने पाणी काढून परसातल्या जास्वंदीला घालतो आणि वहीत तारीख लिहितो. मासा फॅनटेल निघाला आणि चांगलाच वाढला आहे. दाण्यांचा स्टीलचा डबा वाजला की तो काचेपाशी येतो. पोरगा ओरडतो, ‘अज्जा, डबा ओळखतो हा!’ परवा मी मुद्दाम आजींना तो डबा वाजवायला सांगितला. मासा आला. त्यांनी माझ्याकडे पाहिले, डब्यातून मोजून चार दाणे काढले आणि झाकण घट्ट लावून डबा वरच्या फळीवर ठेवला.